पीळ नसलेला धागा

तोवर जगात कुणालाही माहीत नसलेल्या एका प्राण्याचा मी दोरा म्हणून वापर केला आणि त्याने एका बरणीला लेबल बांधलं. चांगली दुहेरी गाठ मारून. वर उरलेलं टोक कात्रीने कापून टाकलं, कारण काम नीटनेटकं असावं असं माझ्या आईने मला लहानपणापासून शिकवलं होतं.

माझ्या बचावासाठी एवढंच सांगतो की तो मार्चचा सातवा दिवस होता. लेनिनग्राडमधल्या कुठल्याही कचेरीत त्या दिवशी पुरुषांचं डोकं ठिकाणावर नसतं. दुसऱ्या दिवशी बायकांचा सण, त्यामुळे आदल्या दिवशी दुपारपर्यंत मिमोझाची फुलं आणि केक आणून ठेवणं ही पुरुषांची जबाबदारी. आमच्या प्रयोगशाळेत बायका पाच आणि पुरुष दोन. दोघांपैकी एक आमचे प्रमुख आर्सेनी काझिमिरोविच, आणि ते फुलांच्या रांगेत उभे राहणार नव्हते. मी घाईत होतो. बरणीवरचं लेबल सुटलं होतं. शेजारच्या टेबलावर बशीत एक तपकिरी दोरा पडला होता, वीतभर लांब, शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड. म्हटलं, चला, सोय झाली.

तासाभराने मी बर्फातून मिमोझाच्या पाच पेंड्या घेऊन परत आलो आणि पहिली पेंडी झिनाइदा प्रोखोरोव्नांच्या हातात दिली. त्यांनी फुलं हुंगली, माझ्या गालावर थोपटलं, आणि मग त्यांची नजर त्या बरणीवर गेली.

"रोद्या, हा दोरा कुठला?"

"हा? टेबलावर होता."

"टेबलावर कुठे?"

"बशीत."

"ओला होता का रे?"

"थोडा," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला समजलं.

त्यांनी मिमोझा खाली ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची ओढली, बरणी पुढ्यात घेतली, दोन सुया काढल्या.

"मी सोडवतो ना..."

"तू हात मागे बांधून उभा राहा. आजचं तुझं काम झालंय."

त्या गाठीला त्यांना चाळीस मिनिटं लागली. ती सुटली तेव्हा किड्याचे तीन तुकडे झाले होते. आणि मी नीटनेटकेपणाने कापलेलं ते टोक, म्हणजे त्याची शेपूट, केराबरोबर केव्हाच तळघरातल्या भट्टीत गेली होती.

आता हा किडा म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर एका गांडुळासाठी एवढा शोक कशाला असं तुम्हाला वाटेल. हा समुद्राच्या तळाशी, आठ किलोमीटर खाली, चिखलात उभा राहतो. स्वतःभोवती एक नळी विणतो आणि जन्मभर तिच्यातच राहतो. त्याला तोंड नाही. पोटही नाही. तो जेवतो कसा यावर तेव्हा मोठमोठे लोक एकमेकांशी बोलेनासे झाले होते. झिनाइदा प्रोखोरोव्नांचं त्यावरचं मत असं होतं की, "ज्याला तोंड नाही तो खातो कमी आणि बोलत तर नाहीच. असा शेजारी आमच्या सामाईक स्वयंपाकघरात कुणी आणून दाखवा."

त्याची शेपूट म्हणजे नळीच्या अगदी तळाचा, तांदळाच्या कणीएवढा भाग. त्याला राठ केस असतात आणि त्यांच्या आधाराने तो चिखल धरून ठेवतो. जाळं वर ओढलं की हीच कणी तुटून तळाशी राहते. त्यामुळे कित्येक वर्षं शास्त्रज्ञ लोक बिनशेपटीच्या किड्याला पूर्ण किडा समजून त्यावर जाडजूड ग्रंथ लिहीत होते. शेपूट असते हे अलीकडेच लक्षात आलं होतं, आणि आर्सेनी काझिमिरोविच नव्याने धर्म स्वीकारलेल्या माणसासारखे कडक झाले होते. शेपूट दाखवा, मग नव्या जातीचं बोला.

आमच्याकडे तशी एकच शेपूट होती.

झिनाइदा प्रोखोरोव्ना शास्त्रज्ञ नव्हत्या. श्वेत समुद्राकाठच्या एका मच्छीमार गावात त्या वाढल्या. वडील जाळी विणायचे, आणि वाचायला येण्याआधी मुलीला सात प्रकारच्या गाठी येत होत्या. युद्धानंतर त्या लेनिनग्राडला आल्या. नवरा होता, तो एके दिवशी आर्खांगेल्स्कला लाकूड आणायला म्हणून गेला आणि तिकडेच राहिला. ("लाकूड बरं मिळालं असेल," त्या म्हणायच्या.) मग वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी संशोधनाच्या एका जहाजावर त्यांना धोबिणीची नोकरी लागली. चादरी, उशांचे अभ्रे आणि शास्त्रज्ञांचे एप्रन.

कुरील बेटांपाशी एकदा जाळं दिवसभर वर येत होतं. आलं तेव्हा विद्वान मंडळी जाडजूड, रंगीत प्राण्यांवर तुटून पडली. जाळ्यात तपकिरी धाग्यांचा गुंताही होता. खलाशी तो खराट्याने समुद्रात लोटत होते, जाळ्याचे तुटलेले तंतू म्हणून. झिनाइदा प्रोखोरोव्ना मळके एप्रन न्यायला डेकवर आल्या होत्या. त्यांनी वाकून एक धागा उचलला, दोन बोटांत फिरवला.

"हे तुमच्या जाळ्यातलं नाही," त्या म्हणाल्या.

आर्सेनी काझिमिरोविच तेव्हा तरुण होते आणि चिखलाने माखले होते. "मग कशातलं आहे, बाई?"

"ते तुम्ही सांगा, शिकलेले तुम्ही. पण दोऱ्याला पीळ असतो. ह्याला पीळ नाही, कांडी कांडी आहे."

आर्सेनी काझिमिरोविचनी तो धागा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि पुढच्याच क्षणी खराट्यांच्या दिशेने ओरडत पळाले. असे किडे जगात असतात हे त्यांना पुस्तकातून माहीत होतं. आपल्याच पायाखाली आहेत हे माहीत नव्हतं. महिन्याभरात धोबिणीची बदली प्रयोगशाळेत झाली. जहाजावरचे एप्रन त्यानंतर कुणी धुतले याची नोंद मला सापडली नाही.

तेव्हापासून सोळा वर्षं त्या आमच्याकडे किडे निवडत होत्या. बरण्यांतून येणारे ते गुंते, न ओढता, सुईने सोडवत. पुढे चित्रंही काढायला लागल्या, ठिपक्याठिपक्यांनी. आणि सोळा वर्षं त्यांचं एकच म्हणणं होतं: त्या पहिल्या दिवशी उचललेला धागा वेगळ्या जातीचा आहे. बाकीच्यांच्या नळीवर सारखी कडी असतात, ह्याच्या नळीवर दोन बारीक, एक जाड, दोन बारीक, एक जाड. आर्सेनी काझिमिरोविच म्हणायचे, हा फरक किरकोळ आहे, झिनाइदा प्रोखोरोव्ना, भावाभावांत असतो तसा. त्या म्हणायच्या, माझे तीन भाऊ होते, एकालाही कडी नव्हती.

शेवटी त्या हिवाळ्यात एका गुंत्यातून त्यांना तो सापडला, शेपटीसकट. प्रमुखांनी तासभर पाहिलं. मग उठून त्यांच्यापुढे वाकून म्हणाले, "तुम्ही जिंकलात. रोद्या वर्णन लिहील, चित्रं तुम्ही काढा."

आणि एक गोष्ट राहिली. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, उजव्यात धरत होता. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं: सूक्ष्मदर्शकाचं काम एक जूनपासून बंद. पेन्शनीचं वय त्यांनी पाच वर्षांपूर्वीच ओलांडलं होतं, प्रमुख दरवर्षी अर्ज करून मुदत वाढवून घेत होते. आता अर्जही चालणार नव्हता. एकतीस मेला त्या दारावरचा पास परत देणार होत्या. त्याच्या आत हा किडा कागदावर यायला हवा होता, आणि मी त्याने लेबल बांधलं होतं.

प्रमुखांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते उठून खिडकीपाशी गेले. बाहेर नेवा नदी गोठलेली होती.

"दुहेरी गाठ?" त्यांनी विचारलं.

"हो."

"का?"

"काम नीटनेटकं असावं म्हणून."

"शेपूट नाही, तर वर्णन नाही," ते म्हणाले. "मला फार वाईट वाटतंय. त्यांना सांग... नको, तू काही सांगू नकोस."

उरलेले गुंते आम्ही दोघांनी निवडायला घेतले. मार्च संपला. दोन बारीक एक जाड असे अकरा मिळाले, सगळे बिनशेपटीचे. झिनाइदा प्रोखोरोव्ना एक शब्द बोलत नव्हत्या. ह्याचा अर्थ असा नाही की त्या गप्प होत्या. माझा शर्ट, माझं लग्न न होणं, माझा चहा, ह्या सगळ्यावर त्या बोलत होत्या. शेपटीबद्दल बोलत नव्हत्या. मी रोज त्यांच्यासाठी मोहरीच्या तेलातली बारांकी, म्हणजे कड्यासारखी कडक बिस्किटं आणत होतो, त्या रोज चहात बुडवून खात होत्या आणि म्हणत होत्या, "लाच ताजी आहे आज."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी आलो तर त्या मागच्या जिन्याच्या थंड बोळात, कोबीच्या पिंपापाशी उभ्या होत्या.

हे पिंप आमच्या प्रयोगशाळेचं. ऑक्टोबरात सगळ्यांनी मिळून कोबी चिरायचा, मीठ, गाजर घालून पिंपात ठासायचा, वर लाकडी फळी, फळीवर वजन, आणि वसंतापर्यंत दुपारी त्यातून वाट्या भरायच्या. वजनासाठी पूर्वी एक छान गुलाबी दगड होता. तो शेजारच्या भूगर्भशास्त्रवाल्यांनी एकदा पार्टीला आले असताना आपला हरवलेला नमुना म्हणून ओळखला आणि रागाने उचलून नेला. त्यानंतर फळीवर एक मोठी जाड काचेची, मेणाने बंद केलेली बरणी असायची. ती काळ्या चिखलाने काठोकाठ भरलेली होती. मी तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. वजनाकडे कोण पाहतं?

"रोद्या, ही बरणी उचल," त्या म्हणाल्या. "आणि मला काही विचारू नकोस."

मी उचलली. मेणाखालच्या चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: कुरील, तोच महिना, तीच जागा. चिखलाचं अख्खं ढेकूळ, न धुतलेलं, अल्कोहोलमध्ये.

"हे ढेकूळ मी त्याच दिवशी बाजूला काढलं होतं," त्या म्हणाल्या. "ते लोक धूत होते, मी म्हटलं एक तरी असू दे. मग इथे आल्यावर जागा नव्हती. मग तो दगड गेला. नऊ वर्षं मी ह्याच्याखाली कोबी दाबतेय."

"मग त्यात..."

"ज्याला कुणी ओढलं नाही त्याची शेपूट कशी तुटेल? काल झोपताना आठवलं." त्यांनी चष्मा काढला आणि डोक्यावरचा रुमाल पदरासारखा ओढून डोळे पुसले. "तुला मी महिनाभर मनातल्या मनात काय काय म्हटलंय, रोद्या. आणि मी स्वतः, नऊ वर्षं, कोबी."

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी म्हणालो, "पण कोबी फार छान होत होता, झिनाइदा प्रोखोरोव्ना."

"गप," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. सात मार्चनंतर पहिल्यांदा.

बरणी उघडायला मला फक्त मेण कापू दिलं. पुढचं सगळं त्यांचं. ढेकूळ पसरट भांड्यात ठेवलं, वर अल्कोहोल, आणि ड्रॉपरने एकेक थेंब सोडून चिखल विरघळवायचा. चिमटा नाही. सुईसुद्धा नाही. घाई करणाऱ्याने खोलीबाहेर जायचं. मी दिवसातून चारदा बाहेर जात होतो.

प्रमुख अधूनमधून डोकावायचे. "किती झालं?"

"अर्धं बोट."

"जूनपर्यंत होईल?"

"तुम्ही उजेडातून बाजूला झालात तर होईल."

मेच्या मध्यापर्यंत त्या चिखलातून गवतासारखे ताठ उभे धागे वर आले होते. समुद्राच्या तळाशी जसे उभे असतात तसेच. हे दृश्य आधी कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. आमच्यापैकी ते सर्वांत कमी झिनाइदा प्रोखोरोव्नांनाच दिसत होतं. त्या बोटाच्या टोकाने वरून हलकेच शिवून मोजायच्या: "हा तो नाही. हाही नाही. हा आहे बघ, दोन बारीक, एक जाड." बोटाला कळत होतं. मी मागून सूक्ष्मदर्शकातून तपासायचो आणि एकदाही त्या चुकल्या नाहीत. मी त्यांना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "डोळे तुला असून काय उपयोग झाला होता?"

एकोणीस मेला शेवटचा चिखल विरघळला आणि तो धागा आपोआप आडवा झाला. कुणी ओढला नव्हता. टोकाला तांदळाची कणी होती.

त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "तू बघ आणि सांग. नीट सांग. जे दिसतं तेच."

मी सांगत गेलो. शेपटीला किती वळ्या, कुठल्या वळीवर किती केस, केस सरळ की वाकडे. त्या उजव्या डोळ्याने भिंगातून पाहत, मला पुन्हा विचारत, पुन्हा पाहत, मग कागदावर एक ठिपका देत. एका केसावरून आमचं दुपारभर भांडण झालं. मी म्हणत होतो चार, त्या म्हणत होत्या पाच. शेवटी प्रमुखांना बोलावलं. पाच होते. चित्राला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत त्यांनी मला "राजा" म्हणून एकदा हाक मारली आणि "गाढवा" म्हणून मोजता येणार नाही इतक्या वेळा, आणि मला दोन्हींत फारसा फरक वाटेनासा झाला.

वर्णन मी लिहिलं. पहिल्या नमुन्याबद्दल मी लिहिलं होतं: "हाताळताना नुकसान झाले." त्यांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं.

"कुणी हाताळताना?"

"असं लिहीत नाहीत, झिनाइदा प्रोखोरोव्ना. शास्त्रीय भाषेत कर्ता नसतो."

"गाठ मारली तेव्हा तो होता ना?"

मी खोडून लिहिलं: "लेखकाच्या चुकीमुळे नुकसान झाले." प्रमुखांनी वाचलं, भुवया उंचावल्या आणि सही केली.

जातीला त्यांचं नाव द्यायचं मी ठरवलं होतं. त्या ऐकायला तयार नव्हत्या. "माझ्या नावाला एक माणूस चिकटला होता, तो लाकूड आणायला गेला. किड्याला तरी सुखाने राहू दे." मग नाव काय द्यावं? "जे आहे ते," त्या म्हणाल्या. म्हणून त्या किड्याचं लॅटिन नाव आजही एवढंच सांगतं की ह्याला पीळ नाही.

एकतीस मेला त्यांनी सगळ्यांसाठी मासे भरलेला मोठा पाव भाजून आणला, चिमटे पुसून डब्यात ठेवले, आणि दारावर पास देऊन गेल्या. पहारेकऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला, जणू त्याची मुदत त्यानेच संपवली होती.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ऑक्टोबरात झालं. मी दवाखान्यात कोबी घेऊन गेलो होतो, त्या वर्षीचा, वर साधी वीट ठेवून केलेला. त्यांनी चाखला आणि म्हणाल्या, "विटेची चव लागतेय."

आमच्याकडे छपाईला किती वेळ लागतो ते जे जाणतात त्यांना सांगायला नको. शोधपत्रिकेचा अंक हातात आला तो पुढच्या फेब्रुवारीत. मी ट्रामही न घेता बर्फातून पायी त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात तीन शेजारणींच्या तीन भांड्यांत काहीतरी उकळत होतं. झिनाइदा प्रोखोरोव्नांच्या डोळ्यांवर आता बरणीच्या बुडाएवढ्या जाड काचा होत्या. त्यांत त्यांचे डोळे मोठे आणि आश्चर्यचकित दिसत होते. आश्चर्यचकित झालेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. काढताना त्यांना ते चित्र नीट दिसलंच नव्हतं, एका अर्ध्या डोळ्याने आणि माझ्या बोलण्यावर विसंबून त्यांनी ते काढलं होतं. आज पहिल्यांदा त्या ते पाहणार होत्या.

मी पान उघडून ओट्यावर ठेवलं. त्यांनी हात रुमालाला पुसले, अंक खिडकीपाशी नेला आणि नाकाजवळ धरला. शेजारणींनी भांड्यांखालचा गॅस बारीक केला. मला गप्प राहवेना.

"आभारात तुमचं नाव आहे, पहिलंच," मी म्हणालो. "हा अंक कोपनहेगनला जाईल, टोकियोला जाईल. जगात जिथे जिथे कुणी हा किडा पाहील, तिथे तो आधी तुमचं चित्र उघडेल. शंभर वर्षांनीसुद्धा. सतरा वर्षं तुम्ही म्हणत होता ते खरं ठरलं, झिनाइदा प्रोखोरोव्ना. काहीतरी बोला ना!"

त्यांनी मान वर केली नाही.

"शेपूट बरी आलीय."